हसरत मोहानींच्या गावांतून : अलीगढ, मथुरा, कानपूर, मोहान, लखनौ

हसरत मोहानी मराठी घरांत दोन वाटांनी येतात आणि दोन्ही वेळा नावाशिवाय येतात. ‘चुपके चुपके रात दिन आँसू बहाना याद है’ ही गझल कॅसेटवर ऐकत आपल्याकडची एक अख्खी पिढी मोठी झाली. ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा तर गिरणी कामगारांच्या मोर्च्यांपासून कॉलेजच्या निवडणुकांपर्यंत सगळीकडे घुमली. गझल लिहिणारा आणि ती घोषणा १९२१ च्या सुमारास लोकांच्या तोंडी देणारा माणूस एकच. सय्यद फजलुल हसन हे त्यांचे मूळ नाव, ‘हसरत’ हे कवितेतले आणि ‘मोहानी’ हे गावावरून पडलेले.

मी बरीच वर्षे एका दिवाळी अंकाचे संपादन करते. त्यामुळे माझी ओढ शायरापेक्षाही संपादक हसरत यांच्याकडे जास्त. ताई हिंदीची निवृत्त शिक्षिका. निवृत्तीनंतर ती चिकाटीने उर्दू वाचायला-लिहायला शिकली आणि तेव्हापासून ‘एकदा हसरतची गावे बघू’ असे म्हणत होती. जानेवारीच्या अखेरीस आम्ही दोघी निघालो.

पहिला दिवस : अलीगढ

दिल्लीहून सकाळची गाडी धुक्यातून अंदाज घेत चालली होती. खिडकीबाहेर शेते दिसत नव्हती, मधूनच एखादे झाड पुढे यायचे आणि विरून जायचे. अलीगढला उतरलो तेव्हा ऊन नुकते पडू लागले होते. स्टेशनबाहेर गरम कचोरी आणि बटाट्याची झणझणीत भाजी खाऊन आम्ही रिक्षाने विद्यापीठ गाठले.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये शाळा काढली, दोन वर्षांनी तिचे कॉलेज झाले आणि १९२० मध्ये विद्यापीठ. व्हिक्टोरिया गेट, स्ट्रेची हॉल, विद्यार्थ्यांच्या जुन्या बराकी, सगळे लाल विटांचे. या आवारात हसरत आले ते हातात पानदान आणि अंगात चिकनचा कुडता अशा थाटात. सुटाबुटातल्या मुलांनी त्यांचे नाव ‘खाला अम्मा’ ठेवले, म्हणजे मावशीबाई. ते नाव फार दिवस टिकले नाही. पोरगा शायरीत पक्का आणि मतांना त्याहून पक्का आहे हे सगळ्यांना लवकरच कळले.

१९०३ मध्ये बी.ए. झाल्यावर सरकारी नोकरीचा रस्ता उघडा होता. अलीगढच्या पदवीचा तोच तर उपयोग समजला जाई. हसरत यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले.

एका प्राध्यापकांच्या ओळखीने आम्हाला मौलाना आझाद ग्रंथालयात जुन्या उर्दू मासिकांचे बांधीव खंड पाहायला मिळाले. कागद बोट लावताना भीती वाटावी इतका ठिसूळ. ताई हळूहळू वाचत होती आणि मी अक्षरांची ठेवण पाहत होते. त्या काळी उर्दू मजकूर खिळे जुळवून छापत नसत. कातिब, म्हणजे सुलेखनकार, खास शाईने पिवळसर कागदावर अख्खे पान हाताने लिहायचा. तो कागद दगडावर दाबून अक्षरे दगडावर उतरवायची आणि मग त्या दगडावरून प्रती काढायच्या. शिळाप्रेसवर छापलेल्या जुन्या मराठी पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे काम माहीत आहे. एका पानात चूक राहिली तर ते पान पुन्हा लिहून घ्यायचे. हसरत यांच्याकडे नोकरचाकर नव्हते. पुढे स्वतःचा हातप्रेस घेतल्यावर छपाईची मेहनतही ते स्वतः करत आणि बेगम निशातुन्निसा त्यांना मदत करत.

मासिकाचे स्वरूप मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. विस्मरणात गेलेल्या जुन्या शायरांच्या दिवाणांतून, म्हणजे काव्यसंग्रहांतून, निवडलेल्या गझला, त्यांचे परिचय, आणि त्यालाच लागून राजकारण. स्वदेशी, बहिष्कार, काँग्रेसमधल्या जहालांची बाजू. साहित्याचे पान वेगळे आणि देशाचे वेगळे अशी वाटणी या संपादकाने केलीच नाही. आज आपण हसरत यांना तुकड्यांत ओळखतो, कुणाला शायर, कुणाला क्रांतिकारक, कुणाला मौलाना. त्या खंडांमध्ये मात्र ते सलग भेटतात.

मग आले १९०८. मासिकात इजिप्तमधल्या इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणावर टीका करणारा एक लेख निनावी छापून आला. लेखक दुसराच होता. सरकारने नाव मागितले. हसरत यांनी ते सांगितले नाही. ‘मासिक माझे, जबाबदारी माझी’ ही त्यांची भूमिका. राजद्रोहाचा खटला झाला, दोन वर्षे सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड. अपिलात मुदत एक वर्षावर आली. दंड भरायला पैसे नव्हते, म्हणून त्यांचा दुर्मीळ पुस्तकांचा संग्रह कवडीमोलाने विकला गेला. पै-पैला जोडलेली जुनी पुस्तके आणि हस्तलिखिते होती ती. शिक्षेइतकेच, कदाचित तिच्याहून जास्त, ते त्यांना लागले असणार.

अटक झाली ती जून १९०८ मध्ये. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मुंबईत टिळकांना अटक झाली, ‘केसरी’तल्या लेखांसाठी. एक मंडालेला गेला, दुसरा अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात जात्यापाशी बसला. हसरत टिळकांना राजकारणातले आपले गुरू मानत. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा तेही टिळकांबरोबर बाहेर पडले होते. टिळकांवर त्यांनी कविताच लिहिली :

ऐ तिलक ऐ इफ्तिखार-ए-जज्बा-ए-हुब्ब-ए-वतन
हक-शनास-ओ-हक-पसंद-ओ-हक-यकीन-ओ-हक-सुखन

देशप्रेमाच्या भावनेला ज्याचा अभिमान वाटावा असा, सत्य ओळखणारा, सत्यावर प्रेम करणारा, सत्यावर विश्वास ठेवणारा आणि सत्यच बोलणारा, असे ते टिळकांना म्हणतात.

अटकेच्या वेळी त्यांची तान्ही मुलगी नईमा आजारी होती. निशातुन्निसांनी तुरुंगात जे पत्र पाठवले त्याचा आशय असा, की आलेले संकट धैर्याने सोसा, माझी आणि घराची काळजी करू नका आणि कसलाही कच्चेपणा दाखवू नका. ताईने हे सांगितले तेव्हा आम्ही विद्यापीठाजवळच्या शमशाद मार्केटमध्ये चहा घेत होतो. आजूबाजूला विद्यार्थ्यांची गर्दी, पुस्तकांची दुकाने, शिंप्याकडे लटकलेल्या काळ्या शेरवान्या. “त्या पत्रामुळे मला त्या नवरा-बायकोची बरोबरी कळली,” ताई म्हणाली. “तो तुरुंगात होता आणि ती बाहेर, एवढाच फरक.”

नैनीत रोज मणभर दळण दळावे लागे. तिथलाच त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शेर :

है मश्क-ए-सुखन जारी चक्की की मशक्कत भी
इक तुर्फा तमाशा है हसरत की तबीयत भी

कवितेचा रियाज चालू आहे आणि जात्याची मेहनतही. या हसरतचा स्वभाव म्हणजे एक नवलच आहे. जात्यावर बसून ओवी सुचणे आपल्याला नवे नाही, पण तुरुंगाच्या जात्यावर गझल रचून सुटल्यावर तेच मासिक पुन्हा सुरू करणे, ही वेगळी धमक आहे. १९०९ मध्ये ते सुटले आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ पुन्हा निघाले. १९१३ मध्ये प्रेस कायद्याखाली त्या छोट्याशा प्रेसकडे तीन हजारांचा जामीन मागितला गेला. एवढी रक्कम कुठून आणणार? प्रेस बंद, मासिकही बंद. पुढे ते कानपूरहून पुन्हा निघाले.

दुसरा दिवस : मथुरा

अलीगढहून इगलासमार्गे मथुरेची बस. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, त्यावर धुके आणि धुक्याच्या वर फिकट सूर्य. गाडीत पलवलकडच्या एक आजी होत्या. कुठून आलात, कशाला आलात, असे सगळे त्यांनी विचारून घेतले. ताईने ‘एका मौलानांचे कृष्णावरचे काव्य वाचत आलो’ असे सांगितल्यावर त्यांना जराही आश्चर्य वाटले नाही. “लल्ला तो सबके हैं,” एवढेच त्या म्हणाल्या आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

मथुरेत द्वारकाधीशाचे दर्शन घेऊन संध्याकाळी आम्ही विश्राम घाटावर बसलो. यमुनेची अवस्था पाहवत नाही, त्याबद्दल इथे लिहीत नाही. आरतीला मात्र गर्दी होती. आरती संपल्यावर ताईने वही काढली आणि मला हळू आवाजात वाचून दाखवले :

हसरत की भी कुबूल हो मथुरा में हाजिरी
सुनते हैं आशिकों पे तुम्हारा करम है खास

हसरतचीही मथुरेतली हजेरी मान्य व्हावी, प्रेमिकांवर तुमची खास कृपा असते असे ऐकतो. ज्या गझलेतला हा शेर आहे ती लिहिली गेली सप्टेंबर १९२३ मध्ये, पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात. त्या वर्षीची जन्माष्टमी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच होती. जन्माष्टमीला मथुरेला जायचा त्यांचा परिपाठ होता. त्या वर्षी जाता येणार नव्हते, म्हणून हजेरी कवितेतून लावली. ‘हजरत-ए-कृष्ण’ असे आदराने संबोधून या गझलेत ते प्रेमाच्या राज्यातला आपलाही वाटा मागतात.

मी पुण्यात वाढले. येरवडा म्हटले की गांधीजींचे उपोषण, पुणे करार, आंबेडकर, एवढे शाळेपासून डोक्यात आहे. १९२२ ते १९२४ या काळात गांधीजी तिथे कैदेत होते हेही माहीत होते. पण त्याच तुरुंगाच्या दुसऱ्या कोठडीत एक मौलाना मथुरेची आठवण काढत गझल लिहीत होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. आपल्या शहराच्या आठवणीत या गझलेला जागा असायला हवी होती.

ही भक्ती हौसेची नव्हती, आणि राजकीय ऐक्याचा देखावा तर नव्हतीच. हसरत नमाज-रोजा काटेकोर पाळणारे, अनेकदा हजला जाऊन आलेले मुसलमान. त्यांची दीक्षा लखनौच्या फिरंगी महल या उलेमांच्या घराण्यातली, आणि त्या घराण्याची गुरुपरंपरा बाराबंकीजवळच्या बांसा गावच्या शाह अब्दुर्रज्जाक या सूफींची. त्या परंपरेत शाहसाहेबांना कृष्णाचे दर्शन झाल्याच्या कथा सांगतात. म्हणजे हसरत यांना कृष्ण आपल्या पीरांच्या घरातूनच मिळाला होता. श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी शेख महंमद ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हे समजायला जड जाऊ नये. अवधी-ब्रजच्या वळणाने लिहिलेली त्यांची ‘मन तोसे प्रीत लगाई कन्हाई’ ही रचना कुणी नाव न सांगता म्हटली तर भजनाच्या वहीत सहज बसेल.

शेजारी बसलेले एक चौबेजी कान देऊन ऐकत होते. त्यांनी शेर पुन्हा म्हणायला लावला, मग तिसऱ्यांदा. शायराचे नाव विचारून ते त्यांनी आपल्या मोबाइलमध्ये आवाजी टिपून घेतले.

तिसरा दिवस : बरसाना आणि नंदगाव

बरसाना-ओ-नंदगाँव में भी
देख आए हैं जल्वा हम किसी का

या दोन ओळींसाठी आम्ही एक दिवस राखून ठेवला होता. टेकडीवरच्या श्रीजींच्या मंदिराला पुष्कळ पायऱ्या आहेत. ताईचे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत, त्यामुळे थांबत थांबत चढलो. राधेच्या या गावात कुणी ‘नमस्ते’ म्हणत नाही. रिक्षावालासुद्धा ‘राधे राधे’ म्हणूनच बाजूला व्हायला सांगतो. वरून पाहिले तर खाली हिरवी-पिवळी शेते आणि दूर नंदगावची टेकडी. तिथे दुपारी पोचलो. देऊळ बंद व्हायच्या बेतात होते, धावते दर्शन झाले. कवितेत ‘जल्वा किसी का’ असे मोघम ठेवले आहे, नाव घेतलेले नाही. शेवटच्या शेरात ते कृष्णाला ‘नूर-ए-सियाह’ म्हणतात, काळा प्रकाश. सावळ्या विठ्ठलापुढे उभे राहिलेल्या माणसाला यावर आणखी काही सांगायला नको.

रात्रीच्या गाडीने कानपूर.

चौथा दिवस : कानपूर

कानपूर मोठे, धुळीचे आणि कामात गढलेले शहर आहे. इथे येऊन हसरत यांचा दुसरा अवतार समजतो : दुकानदार, संघटक, राजकारणी.

मासिक बंद पडल्यावर त्यांनी अलीगढमध्ये स्वदेशी मालाचे दुकान काढले होते. त्यावर उर्दूचे विद्वान शिबली नोमानी त्यांना म्हणाले होते, की तू माणूस आहेस की जिन्न? आधी शायर होतास, मग राजकारणी झालास आणि आता बनिया! पुढे कानपूरला आल्यावरही स्वदेशी दुकान चाललेच. स्वदेशीवर लेख लिहायचे आणि आपण मात्र विलायती कापड घालायचे, हे त्यांना जमणारे नव्हते. १९१९ मध्ये दिल्लीच्या खिलाफत परिषदेत त्यांनी ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराचा आग्रह धरला. गांधीजींनी आत्मकथेत त्या सभेचे वर्णन केले आहे. हसरत यांना उत्तर देता देताच असहकाराची कल्पना आपण तिथे मांडली, असे ते सांगतात.

मेस्टन रोडवर मछली बाजारची मशीद पाहिली. १९१३ मध्ये रस्तारुंदीसाठी तिचा एक भाग पाडला गेला, लोक जमले, गोळीबार झाला आणि त्या प्रकरणाने उत्तर हिंदुस्थानातले मुसलमान राजकारणच बदलले. तिथून फीलखान्याच्या गल्ल्यांत गेलो. गणेश शंकर विद्यार्थी यांचा ‘प्रताप’ इथून निघे, तोही १९१३ पासून. एका शहरात एक हिंदी आणि एक उर्दू संपादक, दोघेही वारंवार तुरुंगात जाणारे, दोघेही कामगारांच्या बाजूचे. विद्यार्थी १९३१ च्या दंगलीत लोकांना वाचवताना मारले गेले. गल्लीतल्या एका छापखानदाराने आम्हाला आत बोलावून बसवले, चहा मागवला आणि विद्यार्थीजींबद्दल भरभरून बोलला. हसरत यांचे नाव काढल्यावर म्हणाला, “वो तो बहुत बड़े शायर थे.” त्यांनी याच कानपुरात ‘मुस्तकिल’ नावाचे वृत्तपत्र चालवले, हे त्याने आमच्याकडून ऐकले.

डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात हसरत यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. स्वराज्य म्हणजे परकीय सत्तेपासून पूर्ण मुक्तता, कुठलीही पळवाट नाही. गांधीजींनी विरोध केला, ठराव पडला. त्याच दिवसांत अहमदाबादलाच मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते, आणि तिथेही त्यांनी हीच भूमिका घेतली. काही महिन्यांत त्यांना अटक झाली आणि येरवड्याची वाट सुरू झाली. काँग्रेसने संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मंजूर केला तो डिसेंबर १९२९ मध्ये, लाहोरला. आठ वर्षे आधी बोलल्याची किंमत एकट्याने मोजली, आणि नंतर कुणी त्याचे श्रेय द्यायचे लक्षात ठेवले नाही. मला याचा राग येतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत जी घोषणा दिली तीही त्यांचीच.

डिसेंबर १९२५ मध्ये कानपुरात कम्युनिस्टांची पहिली अखिल भारतीय परिषद भरली. सिंगारवेलू अध्यक्ष, मुंबईत काम करणारे घाटे तिथे सरचिटणीसांपैकी एक म्हणून निवडले गेले आणि स्वागताध्यक्ष होते मौलाना हसरत मोहानी. श्रद्धा आणि साम्यवाद यांचा मेळ कसा घालता, असे लोक विचारत. त्यांचे उत्तर असे :

दरवेशी-ओ-इन्कलाब मस्लक है मिरा
सूफी मोमिन हूँ इश्तिराकी मुस्लिम

फकिरी आणि क्रांती हाच माझा पंथ, मी सूफी श्रद्धावान आहे, साम्यवादी मुसलमान आहे.

आणि निशातुन्निसा. १९१६ मध्ये हसरत पुन्हा पकडले गेले तेव्हा त्यांनी घर आणि दुकान सांभाळले, नवऱ्याचा दिवाण छापून घेतला, पडदा सोडला. १९१७ च्या अखेरीस सरोजिनी नायडूंबरोबर मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटून स्त्रियांना मताधिकार मागणाऱ्या शिष्टमंडळात त्या होत्या. १९३७ मध्ये त्या वारल्या. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवे, आणि मी लिहिणार आहे.

पाचवा दिवस : मोहान

उन्नावहून भाड्याची गाडी करून हसनगंजमार्गे मोहानला गेलो. सई नदीच्या काठचे जुने कसबेवजा गाव. भोवती आंब्याच्या बागा, मोहोर यायला नुकती सुरुवात झाली होती. लहान विटांच्या जुन्या भिंती, त्यांना टेकून नवी सिमेंटची घरे, बाजारात रेवड्या आणि गूळ. हसरत यांचे पूर्वज इराणमधल्या निशापूरहून आलेले सय्यद. शाळा इथे झाली, मग फतेहपूर, मग अलीगढ. त्यानंतर ते गावात फारसे राहिले नाहीत, पण गाव त्यांच्या नावात राहिले.

बाजारात एका वयस्कर शिवणकाम करणाऱ्या गृहस्थांना विचारले. त्यांनी मशीन थांबवले, चष्मा काढला आणि ‘चुपके चुपके’चे शेर एकामागून एक म्हणू लागले. दुपारच्या कडक उन्हात बोलवायला गच्चीवर अनवाणी येण्याचा शेर आला तेव्हा भोवती जमलेल्या पोरांपैकी दोघांनी त्यांच्याबरोबर ओळ पूर्ण केली. ताई म्हणाली, “चाचाजी, आम्ही पुण्याहून आलो, मौलाना तिकडच्या तुरुंगात होते.” त्यावर ते उठून उभे राहिले. “फिर तो आप हमारी मेहमान हैं, बिटिया, आपके शहर ने उन्हें दो साल रखा है.” तुरुंगाला पाहुणचाराचे रूप देणारे हे बोलणे मी विसरणार नाही. त्यांच्या घरी जेवल्याशिवाय त्यांनी सोडले नाही. तहरी, मुळ्याची कोशिंबीर आणि उसाच्या रसात शिजवलेली खीर.

संध्याकाळी मोहान रोडने लखनौत शिरलो.

सहावा दिवस : लखनौ

पहाटे चौकात, गोल दरवाज्याजवळ, द्रोणातले निमिष खाल्ले. थंडीत दवात ठेवलेल्या दुधाचा फेस, वर केशर आणि पिस्ते. हिवाळ्यात लखनौला आलात तर सूर्य वर यायच्या आत खा.

तिथून चालत फिरंगी महल. कधीकाळी इथे एका युरोपीय व्यापाऱ्याचे घर होते, म्हणून हे नाव. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाने ती वास्तू मुल्ला कुतबुद्दीन यांच्या मुलांना दिली. त्यांतल्याच मुल्ला निजामुद्दीन यांनी बसवलेला ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम आजही मदरशांत चालतो. खिलाफतीच्या दिवसांत गांधीजी इथे राहून गेले. आता पुढे दुकाने आहेत, आत जाणारी वाट अरुंद आहे आणि वास्तूचा बराच भाग पडका आहे.

हसरत यांचे अखेरचे दिवस इथेच गेले. तोवर ते संविधान सभेचे सदस्य होऊन गेले होते. दिल्लीला तिसऱ्या वर्गाने जात, सरकारी बंगल्यात न राहता मशिदीत मुक्काम करत, टांग्याने सभागृहात येत, असे त्यांच्याबद्दल सगळे सांगतात. सभेत त्यांनी राज्यघटनेच्या मसुद्यावर सतत दुरुस्त्या सुचवल्या, हा देश समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ व्हावा असा आग्रह धरला आणि शेवटी घटनेवर सही केली नाही. त्यांचे सगळे मुद्दे मला पटत नाहीत. पण फाळणीनंतर या देशातच राहून, ज्या मुस्लिम लीगच्या तिकिटावर निवडून आले ती विस्कटलेली असताना, भर सभेत एकट्याने उभे राहून बोलणे सोपे नव्हते. १३ मे १९५१ रोजी ते गेले.

कबर रकाबगंज भागात, फिरंगी महलच्या उलेमांच्या दफनभूमीत, अन्वर बागेत आहे, त्यांच्या पीरांच्या सान्निध्यात. रखवालदाराने वाट दाखवली. ताईने फुले वाहिली आणि टिळक गेल्यावर, ऑगस्ट १९२० मध्ये, हसरत यांनी लिहिलेल्या शोकगीताच्या पहिल्या ओळी म्हटल्या :

मातम न हो क्यों भारत में बपा दुनिया से सिधारे आज तिलक
बलवंत तिलक महराज तिलक आजादों के सरताज तिलक

दुपारी रिफाह-ए-आम क्लबची इमारत बाहेरून पाहिली. एप्रिल १९३६ मध्ये पुरोगामी लेखकांचे पहिले अधिवेशन इथे झाले, प्रेमचंद अध्यक्ष होते. हसरत तिथे बोलले होते. साहित्याने शोषितांच्या बाजूने उभे राहावे असे तरुणांना सांगितले, आणि त्यासाठी माझ्या गझलांकडे पाहू नका, हेही.

संध्याकाळी अमीनाबादेत ताईने त्यांची कुल्लियात, म्हणजे समग्र कविता, विकत घेतली. ‘उर्दू-ए-मुअल्ला’चे अंक सुटे मिळतील का, असे विचारल्यावर दुकानदार काकांनी मान हलवली आणि स्कॅन केलेले अंक इंटरनेटवर कसे शोधायचे ते कागदावर लिहून दिले. रात्री खोलीवर ताई टिळकांवरच्या दोन्ही कविता देवनागरीत उतरवायला बसली. यंदाच्या दिवाळी अंकात त्या दोन्ही, येरवड्याची गझल आणि १९०८ च्या दोन खटल्यांवर एक दीर्घ लेख द्यायचे ठरले आहे. १९२२ ते २४ मध्ये येरवड्यात असलेल्या कुणा राजबंद्याच्या डायऱ्या, पत्रे किंवा घरात सांगितल्या गेलेल्या आठवणी कुणा वाचकाकडे असतील आणि त्यांत मौलानांचा उल्लेख असेल, तर गणपतीच्या आत जरूर कळवा. अंक त्यानंतर छपाईला जातो.